विमानात बसण्याआधीची चिठ्ठी: परदेशाची ऑनलाइन परवानगी नेमकी काय असते

काकूंची जन्मतारीख १ जून. शाळेचे जुने दाखले ज्यांनी पाहिले आहेत त्यांना याचं नवल वाटणार नाही. मूल शाळेत आणलं, जन्माची नोंद कुठेच नाही, गुरुजींनी १ जून लिहिली आणि तीच आयुष्यभर चिकटली.

आमच्या शेजारच्या या काकू आणि काका व्हिएतनामला सहा दिवसांच्या सहलीला निघाले होते. रात्री सांगलीच्या विश्रामबागेतून गाडी निघाली, पेठ नाक्याला महामार्गाला लागली, पहाटे मुंबईचा विमानतळ. चेक-इन काउंटरवरच्या मुलीने काकांचा बोर्डिंग पास काढला आणि काकूंच्या कागदापाशी ती थांबली. पासपोर्टवर जन्मतारीख १ जून, ई-व्हिसावर ६ जानेवारी. ज्या एजंटाने अर्ज भरला होता त्याच्याकडून दिवस आणि महिना उलटे पडले होते. दुरुस्ती जागेवर होत नव्हती. नवा अर्ज करायचा तर कामाचे तीन दिवस तरी जाणार. काकांनी एकट्याने जायला नकार दिला. वाटेसाठी केलेल्या दशम्या दोघांनी परतीच्या वाटेवर खाल्ल्या.

दोघांनी वर्षभर पैसे साठवले होते, नातवंडांना विमानाच्या गोष्टी सांगून झाल्या होत्या. मला फार वाईट वाटलं. त्या आठवड्यात गल्लीत जो भेटेल तो एकच विचारत होता: "व्हिसा तर आला होता, मग अडवलं कसं?" बँकेत परकीय चलनाच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आणि आता ओळखीचे लोक असे अर्ज भरताना मला शेजारी बसवतात. त्यांनी जे जे प्रश्न विचारले त्यांची उत्तरं एकदा नीट मांडावीत म्हणून हे लिहितो आहे.

## उसाची नोंद, तोडणीची चिठ्ठी आणि काटा

आपल्या भागात हे समजवायला लांब जायला नको. ऊस लावला की कारखान्याच्या गट ऑफिसात नोंद करावी लागते. चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा फडावर फिरणारा माणूस, येऊन प्लॉट बघून जातो. पाळी आली की तोडणीची चिठ्ठी निघते. चिठ्ठी नसेल तर ट्रॅक्टरवाला फडात ट्रॉली लावत नाही, कारण गेटवरून माल माघारी आला तर खेप त्याची वाया जाते. आणि चिठ्ठी असली तरी शेवटचा शब्द गेटवर आणि काट्यावर.

परदेशाची ऑनलाइन परवानगी अशीच चालते. तुम्ही घरून नोंद करता: नाव, पासपोर्ट क्रमांक, कधी येणार, कुठे राहणार. तो देश पडताळणी करून चिठ्ठी देतो. ट्रॅक्टरवाल्याच्या जागी विमान कंपनी असते. गेट म्हणजे तिकडच्या विमानतळावरचा इमिग्रेशनचा काउंटर, जिथे अधिकारी पासपोर्ट पाहून आत सोडतो.

या चिठ्ठीचं अधिकृत नाव इलेक्ट्रॉनिक ट्रॅव्हल ऑथरायझेशन, थोडक्यात ईटीए. पुढे मी तिला नुसतं ‘परवानगी’ म्हणेन. पूर्वी ही सगळी चौकशी तिकडे उतरल्यावर व्हायची, ती आता विमानात बसण्याआधी होते. म्हणजे परक्या देशाचा पहिला काउंटर तुमच्या घरात, मोबाइलच्या पडद्यावर आला आहे. समोर अधिकारी दिसत नाही म्हणून तो काउंटर आहे हेच आपल्या ध्यानात येत नाही. काकूंच्या बाबतीत घडलं ते हेच. त्या काउंटरवर त्या स्वतः गेल्याच नव्हत्या. त्यांच्या वतीने दुसरंच कुणीतरी बोललं आणि काय बोललं ते त्यांनी वाचलंही नव्हतं.

## व्हिसा, ई-व्हिसा, परवानगी, आगमन कार्ड: यातलं काय लागतं?

नावं सारखी वाटतात म्हणून गोंधळ होतो.

पूर्ण व्हिसा म्हणजे कागदपत्रं, बोटांचे ठसे, कधी मुलाखत. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि युरोपातले शेंगेन देश (एकाच व्हिसावर फिरता येतात ते) यांच्यासाठी भारतीय पासपोर्टवाल्याला हाच लागतो. ई-व्हिसा हाही खराखुरा व्हिसाच, फक्त अर्ज आणि निर्णय ऑनलाइन. व्हिएतनामने ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा केला. एकदा प्रवेशाचं शुल्क २५ डॉलर. परवानगी त्याहून हलकी, तिच्यात प्रश्न कमी आणि निर्णय लवकर. श्रीलंकेने ती २०१२ मध्ये सुरू केली. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा बंद करून जवळजवळ सगळ्या परदेशी पाहुण्यांना परवानगी लावली, भारतीयांनाही.

चौथा प्रकार सगळ्यात जास्त फसवतो: आगमन कार्ड. पूर्वी विमानात हवाई सुंदरी वाटायची तो छोटा कागद आणि कुणाकडे तरी पेन आहे का विचारत फिरणारे प्रवासी, हे आठवत असेल. तोच कागद आता ऑनलाइन झाला. थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना व्हिसा माफ केला, पण १ मे २०२५ पासून डिजिटल आगमन कार्ड सक्तीचं केलं. मलेशियानेही डिसेंबर २०२३ मध्ये व्हिसा माफ केला आणि पाठोपाठ डिजिटल कार्ड आणलं. सिंगापूरला तर व्हिसाही लागतो आणि कार्डही. ही कार्डं फुकट असतात आणि पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांतच भरायची असतात. "व्हिसा फ्री आहे" हे ऐकून निघालेला माणूस इथेच अडकतो: व्हिसा माफ असतो, कार्ड माफ नसतं.

पशुपतिनाथला जाणाऱ्या मंडळींसाठी एवढंच, की नेपाळला भारतीयांना यातलं काहीच लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा. आधार कार्डावर भरवसा ठेवून विमानतळ गाठू नका.

## मग आता २० युरो भरले की युरोप?

२० युरो भरले की व्हिसाशिवाय युरोपात जाता येईल, असा संदेश फिरतो आहे आणि तो चुकीचा आहे. युरोपीय संघ ‘एटियास’ नावाची परवानगी आणतो आहे, शुल्क २० युरो आणि सुरुवात २०२६ च्या शेवटच्या तिमाहीत, हे खरं. पण ती अशा देशांच्या नागरिकांसाठी आहे ज्यांना आजवर युरोपात व्हिसा लागतच नव्हता, म्हणजे अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया वगैरे. त्यांच्यासाठी हा एक नवा अडसर आहे. आपल्याला शेंगेन व्हिसा लागत होता, तो तसाच लागणार.

ब्रिटनचंही तसंच. तिथली परवानगी २०२३ मध्ये कतारच्या नागरिकांपासून सुरू झाली, २०२५ मध्ये अमेरिकन आणि युरोपीय लोकांना लागू झाली, आणि २५ फेब्रुवारी २०२६ पासून ती नसलेल्यांना विमानात बसवायचंच नाही अशी कडक अंमलबजावणी सुरू झाली. बातम्या आल्या त्या याच्या. सांगलीहून लेकीकडे लंडनला निघालेल्या आजींना याचा काही त्रास नाही. त्यांच्याकडे व्हिसा आहे. त्रास आहे तो अमेरिकन पासपोर्ट असलेल्या त्यांच्या नातवाला. त्याला वाटतं आपल्याला कुठेच काही लागत नाही.

तोच नातू गणपतीला सांगलीत यायचा असेल तर त्यालाही आपल्या सरकारची चिठ्ठी लागते. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) नसेल तर भारताचा ई-व्हिसा. आपण हा प्रकार नोव्हेंबर २०१४ मध्ये ४३ देशांसाठी सुरू केला, आणि गंमत अशी की सुरुवातीला त्याच्या नावातच ‘ईटीए’ होतं.

## हे सुरू कुणी केलं?

ऑस्ट्रेलियाने, १९९६ मध्ये. सिडनीत २००० चं ऑलिंपिक होणार होतं, पाहुण्यांचा लोंढा येणार होता, प्रत्येकाच्या पासपोर्टवर व्हिसाचा कागद चिकटवत बसणं शक्य नव्हतं. हेतू सोयीचा होता. अमेरिकेने मात्र ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर याकडे सुरक्षेच्या नजरेने पाहिलं. २००७ मध्ये कायदा झाला आणि जानेवारी २००९ पासून व्हिसामाफी असलेल्या देशांच्या लोकांनाही विमानात बसण्याआधी परवानगी सक्तीची झाली. कॅनडाने २०१६ मध्ये तोच मार्ग धरला. सोय आणि संशय, दोन्ही या व्यवस्थेच्या रक्तात आहेत. अर्ज करताना हे लक्षात असलं की प्रश्नांचा राग येत नाही.

## विमान कंपनीला एवढं काय पडलंय?

काकांचा राग त्या काउंटरवरच्या मुलीवर होता. "तिला काय अधिकार? व्हिसा व्हिएतनाम सरकारने दिला, तिने नाही."

ट्रॅक्टरवाल्याची गोष्ट इथे परत आठवायची. चुकीच्या कागदांवर प्रवासी नेला आणि तिकडच्या अधिकाऱ्याने त्याला परत पाठवलं, तर परत आणण्याचा भार विमान कंपनीवर पडतो आणि वर दंडही होतो. हे फक्त परदेशांचं खूळ नाही. भारताने २००० साली असाच कायदा केला, ज्यात वैध कागदपत्रं नसलेला प्रवासी भारतात आणल्यास विमान कंपनीला माणशी एक लाख रुपये दंड होता; २०२५ च्या नव्या इमिग्रेशन कायद्यातही वाहतूकदाराची ही जबाबदारी ठेवली आहे.

म्हणून काउंटरवरचा कर्मचारी मनाने काही ठरवत नाही. त्याच्या पडद्यावर विमान कंपन्यांच्या संघटनेची एक माहितीपेढी असते, ‘टिमॅटिक’ तिचं नाव. कुठल्या पासपोर्टवर कुठल्या देशात जायला काय लागतं ते ती सांगते. काही देशांची यंत्रणा तर थेट उत्तर देते: बसवा किंवा बसवू नका. विनवण्या करून तिथे उपयोग होत नाही, कारण त्या कर्मचाऱ्याला सवलत देण्याचा अधिकारच नसतो.

## यंत्र तुमचं नाव कसं वाचतं

आता मुख्य भाग. इथे सावकाश वाचा, कारण बहुतेक घोटाळे इथेच होतात.

पासपोर्ट उघडा आणि फोटोच्या पानावर अगदी तळाशी पाहा. दोन ओळी दिसतील, इंग्रजी मोठी अक्षरं, आकडे आणि मधेमधे कोनासारख्या खुणा. प्रत्येक ओळीत बरोबर ४४ जागा. जगातल्या सगळ्या पासपोर्टांवर हा नमुना एकच आहे, संयुक्त राष्ट्रांच्या नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवून दिलेला. विमानतळावरचं यंत्र वरची सुंदर छपाई बाजूला ठेवून या दोन ओळी वाचतं. पहिल्या ओळीत देश, मग आडनाव, मग दोन कोन, मग नाव. दुसऱ्या ओळीत पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, मुदत, आणि वाचनात चूक झाली तर कळावी म्हणून काही पडताळणीचे अंक.

या ओळीत जन्मतारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने असते. १ जून १९५७ असेल तर ५७०६०१. अर्जात कुणी दिवस आधी मागतो, कुणी महिना. अमेरिकन पद्धतीत महिना आधी. १/६ चं ६/१ व्हायला एक क्षण पुरतो. तारीख २५/१० असती तर चूक लगेच दिसली असती, कारण पंचविसावा महिना नसतो. १ ते १२ तारखांना जन्मलेल्यांनी, आणि १ जूनवाल्यांनी तर खास करून, महिना अक्षरात लिहिलेला कुठे दिसतो का ते पाहून मगच पुढचं बटण दाबावं.

दुसरा घोळ नावाचा. आपल्याकडे नाव तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. पासपोर्टवर रकाने दोनच, ‘सरनेम’ आणि ‘गिव्हन नेम’. वडिलांचं नाव बहुतेकांच्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःच्या नावामागे जोडलेलं असतं. यंत्राच्या दृष्टीने ते दोन शब्द मिळून तुमचं नाव होतं. अर्ज भरणारा घाईत मधलं नाव गाळतो, कारण तिकिटावर जागा नव्हती, किंवा "तिकडे मधलं नाव कोण विचारतंय". पासपोर्टवर जसं आहे तसं, त्याच रकान्यात, त्याच स्पेलिंगने. ‘ज्ञानेश्वर’ इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिता येतं. यंत्राला त्यातली एकच माहीत असते.

बायकांच्या बाबतीत हे आणखी अवघड होतं. मतदार कार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत दोन्हीचं मिश्रण, असं कितीतरी घरांत आहे. परदेशाच्या अर्जात यातलं काहीही चालत नाही. एकच कागद समोर ठेवायचा, पासपोर्ट, आणि बाकीचे कपाटात. काही जुन्या पासपोर्टांवर तर सगळं नाव एकाच रकान्यात एका शब्दात आहे, आडनावाची जागा रिकामी. अशांनी तिकीट काढण्याआधी त्या देशाचा नियम पाहावाच. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून एका शब्दाचं नाव असलेल्या पर्यटकांना अडवायला सुरुवात केली होती.

अर्ज गेल्यावर पलीकडे काय होतं? संगणक तुमची माहिती याद्यांशी ताडून पाहतो: हरवलेले-चोरीला गेलेले पासपोर्ट, पूर्वी मुदत संपूनही राहिलेले लोक, संशयितांची नावं. काही जुळलं नाही तर काही मिनिटांत होकार. काही जुळलंसं वाटलं तर अर्ज माणसाच्या टेबलावर जातो आणि उशीर होतो. आता विचार करा, एकाच तालुक्यात एकाच नावाचे किती पाटील, किती जाधव आहेत, आणि त्यातल्या किती जणांची जन्मतारीख १ जून आहे. नावाने आणि तारखेने दोन माणसं एक दिसू लागतात. तेव्हा वडिलांचं नाव हेच तुम्हाला वेगळं काढतं. म्हणून ते गाळू नका असं मी इतकं जीव तोडून सांगतो.

पासपोर्ट हरवल्याची तक्रार दिली आणि आठ दिवसांनी तो कपाटात सापडला, असंही होतं. तो पासपोर्ट परत वापरता येत नाही. इंटरपोलकडे २००२ पासून हरवलेल्या पासपोर्टांची जागतिक यादी आहे. त्यात क्रमांक गेला की तुमचाच पासपोर्ट तुमच्या हातात चोरीचा ठरतो. आणि परवानगी बांधलेली असते ती पासपोर्ट क्रमांकाशी. मधल्या काळात पासपोर्ट नवा काढलात तर जुन्या क्रमांकावरची परवानगी नव्याला चिकटत नाही. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर सहा महिने तरी उरलेली असावी अशी अट बहुतेक ठिकाणी असते, म्हणून आधी पासपोर्ट, मग परवानगी.

## खरी साइट पत्त्यावरून ओळखा

मोबाइलवर देशाचं नाव आणि ‘व्हिसा’ शोधलंत की वरच्या दोन-चार साइट बहुधा जाहिराती असतात. दिसायला सरकारी, झेंडा, राजमुद्रा, सगळं. काही जण तुमचाच अर्ज सरकारी साइटवर भरून देतात आणि मधे तिप्पट-चौपट पैसे घेतात. काही जण पैसे घेऊन गायब होतात. फुकटच्या आगमन कार्डालाही पैसे मागणारे आहेत.

साइटचा पत्ता पाकिटावरच्या पत्त्यासारखा वाचायचा. ‘मु. पो. अमुक, ता. तासगाव, जि. सांगली’ या पत्त्यात पोस्टमन आधी जिल्हा पाहतो, म्हणजे शेवट. कुणी आपल्या घराला ‘कलेक्टर बंगला’ नाव दिलं म्हणून तो कलेक्टरचा होत नाही. तसंच पत्त्यात मधे कुठेतरी ‘जीओव्ही’ (gov, सरकारी साइटची खूण) आहे याला काही अर्थ नाही. साइटच्या नावाचा शेवट, म्हणजे सुरुवातीचं ‘https://’ सोडून पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचा भाग, काय आहे ते पाहा. श्रीलंकेचा शेवट ‘जीओव्ही, एलके’. व्हिएतनामचा ‘जीओव्ही, व्हीएन’. मलेशियाचा ‘जीओव्ही, एमवाय’. थायलंड आणि केनियाच्या सरकारी पत्त्यांत ‘जीओ’ एवढंच असतं, मग ‘टीएच’ आणि ‘केई’. शेवटी नुसतं ‘कॉम’ दिसलं तर तिथे पासपोर्टचा फोटो टाकण्याआधी थांबा.

## साइट खरी आहे, पण पैसेच जात नाहीत

कार्डात पैसे आहेत, तरी व्यवहार नामंजूर. माझ्याकडे येणारी ही सगळ्यात नेहमीची तक्रार. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२० पासून नवी कार्डं देशातल्या वापरापुरतीच चालू असतात. परदेशी व्यवहार खातेदाराने स्वतः सुरू करायचा. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये ते बटण असतं. सुरू करा, मर्यादा लहान ठेवा, काम झालं की बंद करा. आणि पैसे गेले की नाही कळत नसेल तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. ईमेल पाहा, थोडा वेळ थांबा. बहुतेक ठिकाणी हे शुल्क परत मिळत नाही.

## किती दिवस आधी?

आगमन कार्ड तीन दिवसांच्या आत. परवानगी आणि ई-व्हिसा किमान दोन-तीन आठवडे आधी. साइटवर ‘तीन दिवस’ लिहिलेलं असतं ते कामाचे दिवस, आणि ते त्यांच्या सुट्ट्या वगळून. व्हिएतनामचं टेट नववर्ष जानेवारी-फेब्रुवारीत येतं, तेव्हा तिकडची कार्यालयं बंद असतात. आपल्या सुट्टीचा हिशोब दिवाळीचा आणि त्यांचा वेगळा.

घरातल्या प्रत्येकाचा अर्ज वेगळा समजा, कडेवरच्या बाळाचासुद्धा. वाटेत तिसऱ्या देशात विमान बदलायचं असेल तर त्या देशाचा नियमही पाहा. अमेरिकेत तर नुसतं विमान बदलायलाही भारतीयाला व्हिसा लागतो.

## एजंट नेमला तर बिघडलं कुठे?

काही बिघडत नाही. दुबईचा पर्यटक व्हिसा बहुधा विमान कंपनी, हॉटेल किंवा एजन्सीमार्फत निघतो. सिंगापूरचा अधिकृत एजंटांमार्फत. सगळेच एजंट निष्काळजी नसतात आणि ज्यांना इंग्रजी रकाने जमत नाहीत त्यांनी मदत घेण्यात कमीपणा नाही.

पण दोन गोष्टी हक्काने मागा. पाठवण्याआधी भरलेला अर्ज पडद्यावर दाखवा म्हणा, आणि अर्जात ईमेल तुमचा किंवा मुलाचा घाला म्हणा. एजंटाचा ईमेल असला की त्या देशाने काही विचारलं तर ते तुम्हाला कळतच नाही. आणि मंजुरी आली की त्याच दिवशी, विमानतळावर नाही, पासपोर्ट शेजारी धरून एकेक अक्षर जुळवा. काकूंचा ई-व्हिसा निघण्याच्या अकरा दिवस आधी आला होता. त्या अकरा दिवसांत कुणीही ती एक ओळ वाचली असती तर नवा अर्ज करून वेळेत निघता आलं असतं.

## चिठ्ठी हातात आहे, मग तिकडचा अधिकारी का अडवतो?

कारण चिठ्ठी विमानात बसण्यापुरती आहे. आत सोडायचं की नाही हे काट्यावर ठरतं. तिकडचा अधिकारी परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, खर्चाला पैसे आहेत याचा पुरावा मागू शकतो, कशासाठी आलात ते विचारू शकतो. हे कागद छापून हाताशी ठेवा. मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

कशासाठी आलात याचं उत्तर अर्जात लिहिलं तेच हवं. मार्केट यार्डातले एक हळदीचे व्यापारी कोलंबोला खरेदीदाराला भेटायला निघाले होते आणि अर्ज पर्यटनाचा भरणार होते, स्वस्त पडतो म्हणून. श्रीलंकेत व्यवसायासाठी वेगळी परवानगी आहे. काउंटरवर त्यांनी खरं सांगितलं असतं तरी अडचण झाली असती आणि खोटं सांगितलं असतं तर मोठी. त्यांनी व्यवसायाचा अर्ज भरला.

दिवस मोजताना उतरल्याचा दिवस धरा. एक दिवस जास्त राहिल्याची नोंद त्या याद्यांमध्ये जाते, ज्यांच्याशी पुढचा अर्ज ताडला जातो.

## हा निव्वळ पैसे काढायचा धंदा नाही का?

या आक्षेपात तथ्य आहे. अमेरिकेने आपल्या परवानगीचं शुल्क सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस २१ वरून ४० डॉलर केलं. ब्रिटनने एप्रिल २०२५ मध्ये १० वरून १६ पौंड. युरोपचं शुल्क ७ युरो ठरलं होतं, सुरू होण्याआधीच ते २० झालं. सुरक्षा एवढ्या वेगाने महाग होत नाही. सरकारांना पाहुण्यांच्या खिशातून पैसे घेणं सोपं वाटतं असं माझं स्पष्ट मत आहे.

श्रीलंकेत तर एप्रिल २०२४ मध्ये ही सगळी व्यवस्था खासगी कंपन्यांच्या गटाकडे दिली, शुल्क वाढलं, लोक संतापले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ऑगस्टमध्ये न्यायालयाने ते थांबवलं. जुनी पद्धत परत आली. गेल्या वर्षी जाऊन आलेल्या पाहुण्याने सांगितलेली रक्कम आणि रीत या वर्षी खरी असेलच असं नाही, हे यामुळेच.

तरीही, वाणिज्य दूतावासाच्या दारात मुंबईला दोन खेपा घालण्यापेक्षा हे बरं. सांगलीहून एक खेप म्हणजे दोन दिवस आणि गाडीभाडं.

## आणि नाकारली तर?

परवानगी नाकारली म्हणजे त्या देशाची दारं बंद झाली असं नसतं. बहुतेक देशांत मग नेहमीचा व्हिसा मागता येतो, तिथे कागदपत्रांसह आपली बाजू मांडायला जागा असते. न करायची गोष्ट एकच: माहिती थोडी बदलून लगेच दुसरा अर्ज. दोन्ही अर्ज त्यांच्याकडे शेजारी शेजारी दिसतात. पुढे अनेक अर्जांत विचारतात, "तुम्हाला कधी व्हिसा किंवा प्रवेश नाकारला आहे का?" नाकारला असेल तर हो लिहायचं आणि कारण सांगायचं. लपवलेलं सापडलं तर मूळ कारणापेक्षा ते जास्त नडतं.

नवा अर्ज भरायला काकू बसल्या तेव्हा त्याच प्रश्नावर त्यांचा हात थांबला. "मला तर विमानतळावरून परत पाठवलंय. हो लिहू?" मी नको म्हणालो. व्हिएतनामने त्यांना नाकारलं नव्हतं, उलट व्हिसा दिला होता. तिकडच्या काउंटरपर्यंत त्या पोहोचल्याच नव्हत्या. बसवायला नकार दिला तो विमान कंपनीने, आणि ही वेगळी गोष्ट आहे. त्यांनी ‘नाही’वर खूण केली. मग चष्मा पुसून पासपोर्टच्या तळाच्या ओळीतले आकडे एकेक मोठ्याने वाचले आणि काकांनी ते टाइप केले.